बायच्या डोक्याची शिकवणी

शहापूर
ता. १८ जानेवारी २००७

सौ. सरस्वतीस,
जयरामदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रस्तावाल्यांनी टोकावड्याच्या फोनची तार पुन्हा तोडल्याचं एसटी डेपोत कळलं, म्हणून पत्राला बसलो. मला बरंच झालं. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

आपली थोरली बाय सुखरूप पोचली आणि काल तिची पहिली बैठक झाली. सगळं बैजवार सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ठाण्याचे एक डॉक्टर दर बुधवारी आणि शनिवारी इथे येतात. त्यांच्या यंत्राला न्यूरोफीडबॅक म्हणतात. डोक्याला बारीक वायरी चिकटवायच्या, की मेंदूच्या लाटा कॉम्प्युटरवर दिसतात. वायरी नुसत्या ऐकतात, आत करंट सोडत नाहीत. हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, कारण बायने मला चारदा विचारलं होतं. पडद्यावर एक होडी असते. मन निवांत एका जागी राहिलं की ती पुढे सरकते, आणि भरकटलं किंवा उगाच जोर लावला की थांबते. असं वीस-पंचवीस वेळा बसलं की मेंदूला वळण लागतं म्हणे. ही शिकवणी आहे, औषध नव्हे, काहींना गुण येतो आणि काहींना येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बीपीची गोळी आणि रात्रीची झोप चुकवायची नाही अशी तंबीही दिली. मला माणूस आवडला.

मनातलं यात दिसतं का, असं बायने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, की ती सगळा वेळ डॉक्टरांच्या टकलाचाच विचार करत होती.

पण सरू, मनातून मी धास्तावलोय. दिवाळीत ती पेंढ्याच्या माळ्यावरून पडली. कल्याणच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही, तरी तिच्या डोक्यातला धागा मधेच तुटतो तो तुटतोच. तीस वर्षं धवळारीण म्हणून तिने कितीतरी मांडवांत धवळे गाऊन लग्नं लावली, आणि परवा डोळखांबच्या लग्नात ओळ विसरून भलतंच काहीतरी म्हणून बसली. तेव्हापासून ती गातच नाही. आता एकच धोसरा आहे, एकोणतीस एप्रिलला आपल्या दिपालीच्या लग्नात धवळा मीच म्हणणार. ते जमलं नाही तर ती खचेल.

मेहुण्यांना नमस्कार, दिपालीला तिळगूळ. लोभ आहेच, तो पत्रातूनही पाठवत जा.
तुझा दादा,
जयराम

टोकावडे
ता. २४ जानेवारी २००७

ती. स्व. जयरामदादांस,
सरस्वतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा मी आणि एकदा दिपालीने मोठ्याने. टकलाचं वाचून ह्यांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला.

इथे लोकांना कामधंदा नाही. धोंडूबाईला शॉक देतात असं पिठाच्या गिरणीवर बोलणं झालं. मी तिथेच उभी होते, सगळ्यांना गप्प केलं. दुसरं एक बायच्या कानावर घालू नका. नवरदेवाकडची मंडळी चांगली आहेत, नवरदेव प्रणित तर फारच गरीब स्वभावाचा आहे. पण त्याच्या आईने आडून सुचवलं, की डोळखांबच्या कमळाबाईला सांगून ठेवावं का. मी बघू म्हटलं. बाय आणि कमळाबाई जोडीने गायच्या तेव्हा काय रंग चढायचा! पुढे कोणी म्हणायचं आणि मागून कोणी झेलायचं यावरून बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली. आता बायसमोर तिचं नावही काढायची सोय नाही.

आपला हरेश ड्रायव्हर शहापूरला येतोय, त्याच्यासोबत माक्याच्या तेलाची बाटली देते. मी स्वतः कढवलंय. वहिनींना सांगा, बायच्या टाळूवर रोज चांगलं चेपून घालायचं, आणि यंत्रावर बसायच्या दिवशी सकाळी पुन्हा. डोकं थंड राहिलं की होडी सुरळीत चालेल.

तुमच्या आशीर्वादाची आणि पुढच्या पत्राची वाट बघते.
तुमची धाकटी,
सरस्वती

शहापूर
ता. १२ फेब्रुवारी २००७

सौ. सरस्वतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी चांगली नाही, म्हणून आधीच सांगतो की बायची प्रकृती ठीक आहे.

पहिल्या तीन बैठका छान झाल्या. चौथीपासून होडी जी रुतली ती हलेना. पडद्यावरच्या रेघा अशा वेड्यावाकड्या, की माझ्या वर्गातल्या पहिलीच्या पोरांनी पाटीवर काढाव्यात. आठव्या बैठकीला डॉक्टर मदतनीस मुलीला म्हणाले, की सगळं खराब येतंय. ते यंत्राविषयी बोलत होते की कशाविषयी, देव जाणे. बायने ते स्वतःच्या मेंदूविषयी घेतलं. घरी येऊन तिने गाठोडं बांधलं. मी पुष्कळ समजावलं, पण ती ऐकेना. तिला असं रडताना मी तिचे यजमान, आपले भावजी गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आताच.

आणि तिने काय केलं ते ऐक. भाजी विकायला डोळखांबहून इथल्या बाजारात चांगो येतो, त्याच्या हाती तिने दिपालीच्या लग्नात धवळा म्हणायची सुपारी परस्पर कमळाबाईला धाडली! नवरीची थोरली मावशी म्हणून, घरच्या नावाने. कमळाबाईने सुपारी घेतल्याचा निरोप काल आला. मला सगळं कळलं ते त्यानंतर.

गाठोडं मी कपाटात कोंडून किल्ली खिशात ठेवली आहे. तू काहीतरी लिही, तुझं ती ऐकते. लोभाबरोबर थोडी अक्कलही पाठव, माझी संपली.
जयराम

टोकावडे
ता. १४ फेब्रुवारी २००७

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

घेतलेली सुपारी परत मागता येत नाही हे बायला मी सांगायला हवं का? तो कमळाबाईचा अपमान होईल, आणि अपमान करावा असं तिने आमचं काही वाकडंही केलेलं नाही. पण दादा, बाय मांडवात नसेल तर मला माझ्या पोरीचं लग्न गोड लागणार नाही. दिपाली तर म्हणते, की मावशीने चुकीचं म्हटलं तरी चालेल, पण मावशीनेच म्हणावं. हे तिला जसंच्या तसं वाचून दाखवा. ह्या शनिवारी तिला यंत्रावर न्याच, माझी शपथ घाला.

वहिनी तेल घालतायत ना रोज? बाटली एव्हाना संपली असेल. हरेश महिनाअखेरीला येईल तेव्हा दुसरी पाठवते, ह्या खेपेला मोठी.

माया पातळ होऊ देऊ नका.
सरस्वती

शहापूर
ता. २२ फेब्रुवारी २००७

सौ. सरस्वतीस,
अनेक आशीर्वाद, आणि हात जोडून एक विनंती: दुसरी बाटली तुझ्या स्वतःच्या डोक्यावर ओत.

तुझी शपथ घातली म्हणून बाय शनिवारी बैठकीला आली. डॉक्टरांची मदतनीस मिताली वायर चिकटवते, ती घसरते. पुन्हा चिकटवते, पुन्हा घसरते. शेवटी तिने बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, की आजी डोक्याला काय लावतात. तुझ्या वहिनीने अभिमानाने सांगितलं, माका, रोज पळीभर, आज सकाळी जरा जास्तच. मिताली खाली बसून हसली. डॉक्टर हसले नाहीत. पहिल्या दिवशी केस कोरडे होते म्हणून आपण पुढे विचारलंच नाही, ही चूक आमची, असं म्हणून त्यांनी बायची माफी मागितली. तेलाच्या थरातून वायरीला मेंदूचं काही ऐकूच येत नव्हतं. तीन आठवडे आपण तिच्या मेंदूला नावं ठेवली, आणि दोष होता आपल्या मायेचा!

रिठ्याने तीन वेळा डोकं धुतलं. काल होडी चालली, सरू! बाय इतकी खूष झाली, की ओठातल्या ओठात धवळा पुटपुटायला लागली, आणि लगेच रेघा पुन्हा नाचल्या. जबडा हलला तरी यंत्र गोंधळतं म्हणे. मितालीने तिला तोंड घट्ट मिटून बसायला सांगितलं. आपल्या बायला! तुझी वहिनी म्हणते, असं यंत्र घरी घेता आलं तर बरं.

गाठोडं सोडलंय. कमळाबाईच्या सुपारीचं मात्र कोडं तसंच आहे.

लोभ असू दे, तेल नको.
जयराम

शहापूर
ता. ९ एप्रिल २००७

सौ. सरस्वतीस,
अ. उ. आ. वि. वि.

बायच्या तेवीस बैठका पुऱ्या झाल्या. आता ती रात्रभर झोपते, चिडचिड निम्म्यावर आली आहे, आणि पहाटे चुलीशी पूर्ण धवळा न अडता म्हणते. रोज नाही, पण तीन दिवसांतून दोनदा. यात यंत्राचा वाटा किती, गोळीचा किती आणि आपोआप भरून आलेल्या दुखण्याचा किती, ते नक्की सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. धागा पुन्हा कधीच तुटणार नाही असंही त्यांनी म्हटलेलं नाही. बायने ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि आज सकाळी तिने आपण होऊन चांगोला बोलावलं. कमळाबाईला निरोप दिला, की सुपारी तुझी तुझ्याकडे राहू दे, पण मीही येईन, मी पुढे म्हणेन, तू झेल. यावर कमळाबाई काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. मी तर त्या वेळी परसात जाऊन उभा राहिलो.

आम्ही सगळे सव्वीसला येतो. तोवर लोभ राखून ठेव, पाहुण्यांवर सगळा खर्चू नकोस.
जयराम

टोकावडे
ता. ४ मे २००७

ती. स्व. दादांस व बायस,
सरस्वतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. दिपाली सासरी रुळतेय. प्रणित तिला आल्या दिवशीच पोहायला शिकवतो म्हणाला, आता बोला.

दादा, एक विचारायचं राहिलं. हातावर हात देण्याच्या वेळेला मी मांडवात नव्हते. भात करपला म्हणून ओरडा झाला आणि मी मागच्या दारी धावले. परत येते तो लग्न लागलेलं. आता प्रत्येकजण वेगळंच सांगतो. शेजारची भिमी म्हणते, बाय मधेच थांबली. प्रणितची आई म्हणते, थांबायची तुमच्याकडे रीतच असेल, किती छान वाटलं. कमळाबाईला विचारलं तर तिने विषय बदलला आणि कढीची तारीफ केली. मी नवरीची आई, मला तरी खरं कळू द्या. बायनेच सांगावं.

बायची माया मला पुरून उरो.
सरस्वती

शहापूर
ता. ९ मे २००७

सरस्वतीस,
धोंडूबायचा पोटभर आशीर्वाद.

मी सांगते नि जयराम लिवतो. त्याने स्वतःचं काय घुसडलं तर ते माझं नाय.

तुला खरं सांगते गो. मी इसरली. दिपालीचा हात प्रणितच्या हातात द्यायचा, त्याच येळची ओळ गेली. ती ओळ झाल्याबिगर हात देता येत नाय, तुला ठाव हाय. पोरीचा हात तसाच अधांतरी. डोळखांबला असं झालं तेवा घाबरून मी तोंडाला येल ते म्हटलं व्हतं. आता घाबरली नाय. का नाय घाबरली ते मला नको इचारू, डॉक्टरला इचार. मी गप बसून रायली.

कमळी माझ्या बाजूला व्हती. तिला ती ओळ माझ्यापेक्षा पक्की पाठ. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं, आता ही घेते. घेतली असती तर कोणाला कळलंबी नसतं, लग्न लागलं असतं. पण मी त्या मांडवातून उठली असती ती परत कुठल्या मांडवात बसली नसती. कमळीने माझ्याकडं बघितलं नि तोंड मिटलं. हात पदरात घेतले नि बसून रायली. ती गप म्हणून बाया गप, बाया गप म्हणून बाप्ये गप. फोटोवालाबी उभा रायला. किती येळ गेला मला ठाव नाय. मग ओळ आली. मी म्हटली नि तिने झेलली, माझ्यावर आवाज चढवून, मेलीने!

जेवणं उरकल्यावर मी तिला इचारलं, का गो नाय घेतलीस. तर म्हणते, तिलाबी ती ओळ आठवत नव्हती. साफ खोटं. मी तिच्या बाजूला चोवीस वर्सं बसली हाय, तिचं खोटं मला कळतं. पण मी म्हटलं, बरं.

तर तुला कोणी इचारलं तर तसंच सांग. दोघीबी इसरल्या.

माया हाय तेवढी सगळी तुझीच.
तुझी बाय