कु.चं कै.

भोईवाडा, परळ
५ जानेवारी २०२५

चि. रुचास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. काल दादरच्या हॉलवर गेले होते. आपली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा यंदा पन्नाशीची, म्हणून मागच्या विजेत्यांचा फलक नव्याने रंगवलाय. १९७९, महिला एकेरी. नाव सापडलं: कै. कालिंदी परब. जुन्या फलकावरचं 'कु.' फिकटलं होतं, रंगाऱ्याने त्याचं कै. केलं. मी सौ. व्हावं म्हणून तुझी आजी जन्मभर झुरली; यांनी मधला टप्पा गाळून मला थेट वर पोचवलं.

हसू नकोस. डेन्मार्कच्या त्या ताडमाड पोरीला तिसऱ्या गेममध्ये मी हरवलं. नाव दुरुस्त होईपर्यंत गप्प बसणार नाही. सोबत कुळथाची पिठी आहे.

तुझी,
कालिंदीआत्या

नागपूर
१४ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिठी मिळाली. आधी हसले, मग रडू आलं. स्पर्धेचे सचिव हितेंद्र मयेकर यांना फोन केला. फार गोड बोलले. म्हणाले, हयातीचा दाखला जोडून अर्ज द्या, कमिटी पुढच्या वर्षी विचार करेल. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला तो दाखला देतेसच, त्याची झेरॉक्स देऊन टाक ना. उद्घाटनाला जाऊन तमाशा करू नकोस. तुझं बीपी मला माहीत आहे आणि तुझी जीभही; माझ्या लग्नात केटररला रडवलं होतंस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
रुचा

भोईवाडा, परळ
२ फेब्रुवारी

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

बँकेत दाखला देते, कारण तिथे मला कोणी ओळखत नाही. पण ज्या कोर्टवर माझ्या गुडघ्याची वाट लागली, तिथे मी जिवंत असल्याचा कागद द्यायचा? नाही दिला.

काल तिकीट काढून उद्घाटनाला गेले. सोबत खोताच्या वाडीतली विल्मा, माझी दुहेरीची जोडीदार. मयेकरांनी दिवंगत विजेत्यांना श्रद्धांजली म्हणून सगळ्यांना उभं केलं आणि नावं वाचायला घेतली. मी बसून राहिले. मागचा एक जण खेकसला, की आजी, मेलेल्यांचा तरी मान ठेवा. विल्माने त्याला सांगितलं, की थांब जरा, त्यांच्यातलीच एक आहे ही.

माझं नाव आलं. मी उठले आणि म्हटलं, "हजर."

हॉल आधीच शांत होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मयेकर कागदाकडे बघतच राहिले. आधी कोणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या. रांगेत उभ्या परदेशी पोरींना कोणीतरी काय झालं ते समजावलं, तर त्या रॅकेटवर रॅकेट आपटायला लागल्या. रुचा, मी रडले. तेवढं मात्र कोणाला सांगू नकोस.

पुढच्या वर्षीचा विचार संध्याकाळीच झाला. दगडू रंगारी शिडीवर चढला, कै. खरवडलं आणि विचारू लागला, की आता कु. लावू की श्रीमती? मी म्हटलं, काही नको. पुढची जागा मोकळी सोड. कै. लागेल तेव्हा बघू, मला घाई नाही.

लोभ ठेव, अर्जाशिवाय.

तुझी, दाखल्याविना हयात,
कालिंदीआत्या