सोनकीचा ठसा

माले, पेटा मुळशी

प्रिय हैबत,

'प्रिय' लिहिलंय ते आबांनी अक्षर शिकवताना लावलेल्या सवयीनं. त्यात माझ्या मनातलं काही शोधू नकोस. तुझं पत्र पोचलं. बानूचं लग्न ठरलं, वाचून बरं वाटलं. पोरीनं बापाचं काही उचललं नसावं, एवढंच देवाला मागणं. पुण्यात मोठं घर घेतलंस, दाराशी टांगा उभा असतो, हेही तू आवर्जून लिहिलंस. बहीण म्हणून मी काय करू त्याचं? ओवाळू?

म्हणे लग्नाच्या पत्रिका आबा करायचे तशा हातानं, फुलं उठवून करायच्यात, व्याह्यांवर छाप पडावी म्हणून. तुला येतं का रे ते काम? आबा शिसवीच्या लाकडात फुलांचे ठसे कोरत बसायचे तेव्हा तू पडवीत लोळत असायचास. रंग मी घोटायचे. पळसाचा केशरी, हळदीचा पिवळा, काजळीचा काळा. जाड कागदाची कड पाकळ्यांसारखी कापायला आबांनी पौडच्या लोहाराकडनं लोखंडी साचा घडवून आणला होता. त्यावर हातोडी मीच मारायचे. एकदा घाव तिरका बसला, अंगठ्याचं नख काळं पडलं, तेव्हा तू खो खो हसला होतास.

ती फुलं मिरवायला नव्हती, हे तू विसरलास असं मला सांगू नकोस. गावात अक्षर कुणाला येत होतं? म्हणून आबांनी घराघराला एकेक फूल वाटून दिलं. साळूबाईच्या घराचा तेरडा, गेणबाचा बहावा, आपली सोनकी. लग्न असो, बारसं असो, कागदावर फूल उठवून धाडलं की सांगावा कुणाकडचा ते न वाचता कळायचं. घरात कुणी गेलं तर तेच फूल उलटं उठवायचं, देठ वर. तसा कागद दारात आला की बाया हातातलं काम टाकून निघायच्या. आणि सोनकी आली म्हणजे आबांचा शब्द आला. तिच्यावर बांधाची भांडणं मिटलेली मी पाहिलीत.

आबा गेले आणि त्यांच्याच पोटचा तू धरणासाठी जमिनी मिळवून देणारा दलाल झालास. लोक अडून बसले होते, लेकरं घेऊन शेतात ठाण मांडून होते. तुझ्या तोंडाकडं बघून कुणी अंगठा दिला नसता, ते तू पुरतं ओळखून होतास. मग संक्रांतीला तू घरोघर भेटपत्रं धाडलीस. कड आबांच्या साच्यात कापलेली, मधोमध सोनकी, सोबत तिळगुळाची पुडी. तुझा माणूस दारोदार तोंडी सांगत फिरला, की जमिनी वाचवायचा अर्ज आहे, पौडला येऊन अंगठे द्या. लोक गेले. अर्ज नव्हताच, जमीन दिल्याची कबुली होती. तिळगूळ खाऊन माणसं स्वतःचं घर बुडवून आली. लाज कशी वाटली नाही रे तुला?

साळूबाई आता आमच्या शेताच्या कडेला खोपटात राहते. मी तिला विचारलं, अंगठा द्यायच्या आधी तुम्ही कागद कुणाकडनं तरी वाचून का घेतला नाहीत? ती म्हणाली, "आबाचं फूल बघितलं अन् गेलो आमी. कागुद कशाला वाचायचा, बाय?" शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. यंदा हळदीकुंकवाला बोलावलं तर आली नाही. दुसऱ्या बाया आल्या, पण माझ्या हातचा तिळगूळ पदरात बांधून तसाच घेऊन गेल्या, कुणी तोंडात टाकला नाही. इथं सासरी माझं माहेर आता असं ओळखलं जातं. तू टांग्यात बसतोस, तुला काय कळायचं.

आपलं घर पाण्यात जायच्या आधी ठशांची पेटी मी उचलून आणली. तू तेव्हा फिरकलाही नव्हतास. आता त्यातला सोनकीचा ठसा बानूच्या पत्रिकांसाठी मागतोस, त्याला उत्तर म्हणून हे लिहिलं. ठसा मिळणार नाही. पोरीचा काही दोष नाही, तिला मी वेगळं पत्र केलंय. त्यावर माझ्या सासरचा पांगारा आहे, कुंकवाच्या रंगात, सरळ उठवलेला. आत्याचं घर पाण्याच्या वर आहे, तिनं कधीही यावं. सोनकी मात्र, खोऱ्यातली माणसं उठून जिथं जिथं जाऊन राहिलीत, त्या प्रत्येक दारात मी धाडली. साळूबाईच्या खोपटात स्वतः नेऊन दिली. तिनं कागद हातात घेतला, बघितला, आणि मला बसायला गोणपाट टाकलं. त्यातलीच शेवटची सोनकी या पत्राच्या खाली आहे. कागद फिरवून बघू नकोस, हैबत. देठ वर आहे, तो मी मुद्दाम तसा उठवलाय.

एके काळची तुझीच,
बायजाआक्का