ओवाळणीतला थेंब

सिकंदराबाद
१७ ऑक्टोबर २००५

प्रिय कुलदीप,

पत्र बघून तू हसशील. खिशात नवा मोबाइल घेऊन फिरणाऱ्या भावाला सिकंदराबादहून चिक्कडपल्लीला टपाल! पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ‘हौ ताई, हौ’ करत ठेवून देतोस. आणि तुझा आवाज ऐकला की मी विरघळते. आज मला विरघळायचं नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी मालनबाई नावाची एक म्हातारी रोज येऊन बसते. तिचा मुलगा प्रकाश ऑटो चालवतो. अफझलगंजात शिकवण्या घेणाऱ्या मीनावर मार्चमध्ये जिन्यात कुणीतरी हात टाकला, तेव्हा याची ऑटो दाराशी उभी होती. एवढ्यावर तो सात महिने आत आहे. मीनानं त्या माणसाला ओरबाडून काढलं म्हणून ती सुटली, पण अंधारात चेहरा दिसला नाही. तिच्या नखांखालून जे निघालं ते माझ्या टेबलावर आलं.

नखात सगळं तिचंच असतं रे, त्या पुरुषाचं जेमतेम चिमूटभर. साध्या चाचणीत ते बुडून जातं. म्हणून आम्ही वाय गुणसूत्र बघतो. ते बाईकडे नसतंच, त्यामुळे जे दिसेल ते त्याचंच. त्यावरच्या ठरावीक जागांचे आकडे मांडायचे आणि संशयिताशी ताडून बघायचे. प्रकाशचे नऊ ठिकाणी वेगळे निघाले. म्हातारीला सांगायची मुभा नव्हती, पण मनातल्या मनात मी पेढे वाटले.

गेल्या वर्षीची भाऊबीज आठवते? नवं यंत्र आलं होतं आणि सरावासाठी ओळखीच्या पुरुषांचं रक्त हवं होतं. ओवाळून झाल्यावर तू पाकीट काढलंस. मी म्हटलं, पाकीट नक्को, बोट पुढं कर. मग हिम्मतकाकांनी आणि त्यांच्या हेमंतनंही दिलं. तिघांचे आकडे तंतोतंत एकच आले, कारण आजोबांचा वाय जसाच्या तसा तुमच्यापर्यंत आलेला. किती कौतुकानं मी तो कागद वहीत चिकटवला! पाढ्यासारखे पाठ झाले ते आकडे.

मीनाच्या नखांतून तेच आले. मला वाटलं, माझ्याच हातून घोटाळा झाला, तुमची जुनी नळी कुठंतरी लागली. आपली चूक निघावी म्हणून मी पहिल्यांदाच देवाला हात जोडले. दुसरं नख घेतलं, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या बाईंच्या हातून करवलं. तरी तेच.

वाय घराणं सांगतो, माणूस सांगत नाही. हेमंत असेल, काका असतील, गावाकडचा एखादा भाऊबंद असेल. कोर्टातही मी हेच सांगेन. पण मार्चमध्ये, मीनावर हात पडला त्यानंतरच्याच रविवारी तू जेवायला आला होतास. मनगटावर ओरखडे होते. मांजर म्हणालास. मी हळद लावली, आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मांजर आलं कुठून, एवढंही विचारलं नाही. त्या हळदीचा मला आता राग येतो.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती म्हणेल, भावाला पाठीशी घाल. लहानपणापासून तेच तर केलं. तू काच फोडायचास, मार मी खायचे, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. पण या वेळी मार मालनबाईचा मुलगा खातोय.

आज सकाळी सरांना लेखी दिलं, की हे आकडे माझ्या माहेरच्या पुरुषांचे आहेत, केस माझ्याकडून काढून घ्या. प्रकाशचा अहवालही गेला. हे पत्र त्यांना दाखवूनच टाकतेय. एका नखाखाली त्या माणसाचं रक्त थोडं जास्त निघालंय, त्यातून साध्या चाचणीनं नेमका माणूस कळेल. भाऊबीजेचा थेंब मी त्या चाचणीला वापरू देणार नाही, तो तू प्रेमानं दिला होतास. पोलीस तुम्हा तिघांनाही बोलावणार आहेत. त्यांनी दार वाजवायच्या आधी तू आपल्या पायांनी ये. तो माणूस तू नसशील, तर तुझ्यापुढं नाक घासीन आणि जन्मभर तुझी बोलणी ऐकून घेईन. असशील, तर तुझ्या तोंडानं सांग. गुरुवारी दहा वाजता मी फाटकाशी उभी असेन, मालनबाईच्या शेजारी. यंदाची ओवाळणी समज, पण ये.

तू काहीही केलं असलंस तरी तुझीच,
प्रियाताई