शटरवरचा खडू

बाबा, आपल्या शटरवर अजून खडूने लिहिलं जातं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बीरगावच्या गल्लीतलं आपलं वर्कशॉप तेव्हापासून बंद आहे आणि त्याची एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये असते. तरी रोज सकाळी शटरवर यादी असतेच: लेथ मशीन कोणाकडे रिकामी, गिअर कापायला कोण मोकळा, वेल्डिंगला आज कुठे जायचं. अक्षर तुमचंच, 'ल'चं पोट सुटलेलं.

आधी मला वाटलं, तुमच्या आठवणीखातर कोणीतरी लिहीत असेल. शेजारच्या लेथवाल्या भैयांना विचारलं. ते म्हणाले, "हम तो समझे दीदी, आप लिख जाती हो." वेल्डिंगवाल्याला वाटत होतं की भैया लिहितात. सगळे आपापल्या कामाला लागले, कारण यादी कधी चुकत नाही. राइस मिलचा माणूस तुटका शाफ्ट खांद्यावर घेऊन येतो, शटर वाचतो, तीन दुकानं फिरतो आणि दुपारपर्यंत त्याची मिल पुन्हा सुरू होते. कोण लिहितं ते शोधायला नंतर कोणी गेलं नाही. मीही नाही.

मी आठवीत असतानाची गोष्ट तुम्हाला आठवते का? मी तुमचा डबा घेऊन आले आहे. आपली लेथ दोन दिवस अडकलेली, म्हणून अर्ध्यावर ओढलेल्या शटरवर तुम्ही लिहिलं आहे की भैयांकडची रिकामी आहे. समोरून मिलचा माणूस येताना दिसतो आणि मी ती ओळ तळहाताने पुसून टाकते. आपलं गिऱ्हाईक आपल्याकडेच राहावं, एवढंच माझ्या मनात. तो आपलीच लेथ मोकळी व्हायची वाट बघत थांबतो. त्याच्यासोबत मिलही दोन दिवस थांबते. तिसऱ्या दिवशी तुम्हाला कळतं. तुम्ही ओरडत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

"मिल बंद राह्यली. हमाल दोन दिवस बसून राह्यले. त्यायच्या घरी चूल काहून नाही पेटली, मालूम हाय तुले?"

"पण आपलंच काम होतं ना, बाबा."

"आपलं एकट्याचं काही नसते, पोट्टी. भैयाची लेथ चालली तं आपली चालते. पुसलं तू, तं सांगाले बी तूच जाय."

मिलमध्ये मालकापुढे मी रडत रडत सांगत होते आणि तुम्ही माझ्या मागे उभे होतात. तुमच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येत होता. परत येताना तुम्ही मला खडूंचा अख्खा डबा घेऊन दिलात. शिक्षा होती की बक्षीस, ते तेव्हा कळलं नाही.

आता मी नवे उद्योग उभे करणाऱ्या कार्यालयात आहे. तुमच्या त्या यादीला आमच्याकडे इकोसिस्टिम म्हणतात. तुम्ही विचारलं असतं, "किती हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालते थे?" साहेबांनी मला आपल्याच गल्लीचा अहवाल लिहायला दिला. ही दुकानं शहराबाहेरच्या नव्या संकुलात हलवावीत का, असा प्रश्न होता. तिथे प्रत्येकाला भिंतींनी बंद केलेला आपापला गाळा, तोही सोडतीने. लेथ एका टोकाला तर वेल्डिंग दुसऱ्या. मी मशीन मोजल्या, माणसं मोजली, जागा मोजली. तक्त्यात खडूचा रकाना नव्हता. गल्ली विखुरली की मिलवाले दुरुस्तीला नागपूर गाठणार आणि तोवर इथले हमाल बसून राहणार, हे मला चांगलं माहीत होतं. तरी ते मी अहवालात घातलं नाही. मला साहेबांची शाबासकी हवी होती. 'हलवावीत' असं लिहून शुक्रवारी अहवाल पाठवून दिला.

सोमवारी गल्लीत गेले. सगळ्या मशीन चालू होत्या, बोललेलं ऐकू येत नव्हतं. शटरवर तुमच्या अक्षरात प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द होता: रिकामी. रिकामी. रिकामी. शेवटची ओळ आपल्या लेथची होती. नऊ वर्षांत ती यादीत कधीच आली नव्हती. भैया बाहेर आले, वाचलं, मग वळून आपल्या चालू मशीनकडे पाहिलं.

"आज गलत लिखा है न, दीदी?"

"हव," मी म्हणाले.

ते आत गेल्यावर मी सगळी यादी तळहाताने पुसली. हाताखाली शटरचा पत्रा थरथरत होता, आत मोटर चालू असल्यासारखा. शेजारच्या मशीनमुळे असेल. किल्ली पर्समध्ये होती, पण उघडून बघितलं नाही.

आज अहवाल परत मागण्याचा अर्ज लिहायला बसले होते आणि हेच लिहीत गेले. अर्जाचा कागद अजून कोराच आहे. उद्या अकरा वाजता साहेबांसमोर उभं राहून सांगायचं आहे की अहवालातून एक गोष्ट मी पुसली. भीती साहेबांची नाही वाटत. मी बोलायला लागले की मागून तेलाचा वास येईल, त्याची वाटते. आणि खरं सांगू बाबा, तो नाही आला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.