बंद खोलीची बातमी

११ मार्च

संध्याकाळी अग्रहारात वसंतरावांकडे ट्रस्टची बैठक. रिक्षा मिळेना, चालतच गेले. पोचेपर्यंत उपीट गार.

विषय एकच. म्हैसूरबाहेर, पिरियापट्टणच्या पुढच्या गावातलं सरकारी आरोग्य केंद्र, तिथला प्रसूतिकक्ष. मार्चअखेर पुरा करायचा. फरशी, रंग, नळ झाले. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर आला, सक्शन मशीन आलं. राहिला इन्व्हर्टर. तिथली वीज बेभरवशाची. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय, बॅकअप बसल्याशिवाय त्या खोलीत बाई घेणार नाही, कुलूप राहील.

जाधव (कारखानेवाले) म्हणाले, गोदामात नवाकोरा इन्व्हर्टर पडून आहे, उद्या टेम्पोत टाकतो. सगळे खूश. तेवढ्यात वसंतराव : "तसं नको नोडी, बघा. वस्तू दिलीत तर ८०जीची पावती देता येत नाही, करात सूट नाही. पैसे द्या, ट्रस्ट विकत घेईल. तुमचंही काम, आमचंही." जाधव जरा थांबले. मग म्हणाले, पावती मिळत असेल तर पैसेच देतो की.

ट्रस्टच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवायची. मीही मान डोलावली. देणगीदारांसाठीचं आवाहन माझ्याकडे. तिथेच मथळा सुचला, 'वस्तू नको, निधी द्या'. सगळ्यांना आवडला. मलाही.

१४ मार्च

आवाहन गेलं. दिवसभर फोन. निम्मे लोक विचारतात ते पावतीचं. देशपांडे म्हणाले, "अहो मीनाताई, मी नव्या करप्रणालीत गेलो. तिथे ८०जी नाही. मग मी कशासाठी द्यायचं?"

"बाळांसाठी," मी म्हटलं.

"ते आहेच हो. पण त्याव्यतिरिक्त?"

हसलो दोघं. फोन ठेवल्यावर आवाहन पुन्हा वाचलं. सवलतीचे दोन परिच्छेद, मुदत ठळक अक्षरात. बाळ चौथ्या परिच्छेदात येतं, तेही ओझरतं. मी देशपांड्यांना हसायचं काही कारण नव्हतं.

२२ मार्च

वार्षिक अहवाल. ३१च्या आत देणगीदारांच्या हातात हवा. वसंतराव स्वतः घरी आले, चहा घेतला, मुद्द्यावर आले.

"काम चालू आहे, असं नका लिहू. शेवटच्या आठवड्यात देणारे लोक झालेल्या कामाला देतात. चालू आहे म्हटलं की म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

"पण खोली उघडली कुठे?"

"उघडणारच की. कोटेशनं आली की लावला इन्व्हर्टर, अष्टे, एवढंच. सुम्मने, उगाच काळजी कशाला करता? तुम्ही पेपरवाल्या. तुम्ही लोक सभेच्या आधी सभेची बातमी लिहिता, आम्हाला ठाऊक नाही का?"

खरंच आहे. पंचवीस वर्षं तेच केलं. दुपारच्या पानाला संध्याकाळचा कार्यक्रम 'उत्साहात पार पडला'. हात सरावलेला आहे. लिहिलं : 'प्रसूतिकक्ष मार्चमध्ये सेवेत रुजू झाला.' बारा मिनिटंही लागली नसतील. कन्नड प्रसिद्धिपत्रकही सोबतच करून दिलं.

२६ मार्च

कन्नड पेपरात आलं. आतलं पान, पण फोटोसकट. पांढरी फरशी, मधोमध वॉर्मर, चकचकीत. जाधवांनी शंभर प्रती काढून वाटल्या, तिथल्या गावातही पाठवल्या.

श्रीधरने चष्म्यावरून बघत विचारलं, "उघडलं का गं ते?"

"उघडतंय."

तो पुन्हा शब्दकोड्यात. बँकेतून निवृत्त झालेला नवरा; 'भरले' आणि 'भरतोय' यातला फरक त्याला बरोबर कळतो.

३१ मार्च

हवं होतं त्याहून जास्त जमलं. वसंतराव लहान मुलासारखे खूश, रात्री फोनवर, "तुमच्या लेखणीचं काम, मीनाताई!" पावत्या सगळ्यांना जाणार. इन्व्हर्टर? तिसरं कोटेशन यायचंय.

५ एप्रिल

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी उद्या ते वेगळं आठवेन.

महादेवी भांडी घासताना थांबली. आमच्याकडे कामाला आली तेव्हा तिची सविता शाळेत होती. आता सविताचं सासर त्याच आरोग्य केंद्राच्या गावात; पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेत. डोहाळजेवण झालं की लेकीला माहेरी आणायची, ते ठरलेलंच होतं. इथे मोठं हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर. महादेवीने खोलीला चुना लावून घेतला, नवीन गोधडी शिवली.

"सासू सोडत नाही अक्का. पेपर दाखवते. म्हणते, इथंच फरशीची खोली झाली, मशीन आलं, म्हैसूरला कशाला न्यायची? खरं कारण वेगळंच. तंबाखूची रोपं वाफ्यात आहेत, पाणी घालायला माणूस पाहिजे तिला. नववा महिना लागला तरी ही पोरगी झारी घेऊन फिरते." मग हात पुसत, "पण ते तुमच्याच लोकांनी केलंय ना? तिथलं चांगलं आहे ना? तुम्ही सांगाल तसं करते."

मी म्हटलं, "चांगलं आहे."

खोली चांगलीच आहे. मी पाहिली आहे. उघडी आहे का, असं तिने विचारलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं आणि चहाचा कप उचलला.

"मग राहू दे तिथंच," महादेवी म्हणाली. चेहरा पडला होता, पण निर्धास्तही झाली. "सुम्मने भांडण नको व्याह्यांशी."

सांगता आलं असतं. अजून उघडली नाही, घेऊन ये. एवढंच. पण मग तिने विचारलं असतं, पेपरात कसं आलं?

८ एप्रिल

वसंतरावांना फोन. तिसरं कोटेशन आलं, पण खजिनदार पुण्याला लेकीकडे, त्यांची सही राहिली. जाधवांचा तो गोदामातला तात्पुरता लावता येईल का, विचारलं.

"तो त्यांनी केव्हाच विकला की."

महादेवीला आडून आडून म्हटलं, सविताला आणलं असतंस तर बरं झालं असतं. ती हसली. "आता कसं अक्का? मीच सासूला हो म्हटलं. तुमचं नाव घेऊन म्हटलं. सासूपण म्हणाली, शिकलेल्या बाईने सांगितलं ना, झालं."

पुढे बोलायला तोंड उघडलं होतं. दूधवाला आला. दूध घेतलं, तापवलं. तोवर ती गेली होती. दूधवाल्यावर ढकलणं हेही…

११ एप्रिल

पेपरच्या डेस्कवर एक रीत होती. आगाऊ लिहिलेल्या बातमीवर शेवटचा फोन व्हायचा. सभा झाली ना? पाहुणे आले ना? नाही म्हटलं की बातमी काढायची, कुरकुर न करता. मी स्वतः कितीदा काढली. या वेळी तो फोन करणारं माणूस मीच होते.

उद्या महादेवीला सगळं सांगायचं. आल्या आल्या, चहाच्या आधी.

१२ एप्रिल

महादेवी आली नाही. शेजारणीकडून निरोप, सविताला कळा सुरू झाल्या, पहाटेच्या बसने गेली.

दुपारपासून वारा. आमच्या गल्लीतही करंट जाऊन येऊन आहे. श्रीधर म्हणतो, बस, फेऱ्या मारू नकोस. डॉक्टरीणबाईंचा नंबर लागत नाही.

१३ एप्रिल

महादेवीचा फोन. मुलगी झाली. एवढं सांगून रडायला लागली. मग तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. तारा पडल्या, सगळ्या गावात अंधार. जुन्या खोलीत बॅटरीच्या उजेडात बाळंतपण. डॉक्टरीणबाई होत्या, नर्स होती, त्यांनी हातांनी जेवढं होतं तेवढं सगळं केलं. बाळ लवकर रडलं नाही. रडलं तेही मांजरासारखं. अंग गार पडत चाललेलं. अँब्युलन्समध्ये सविताच्या सासूने पोलक्याच्या आत छातीशी धरून म्हैसूरपर्यंत आणलं. आता इथल्या मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. सविता ठीक.

आणि मग म्हणाली, "खिडकीतून दिसत होती अक्का ती खोली. बॅटरी मारून बघितलं मी. मशीन पण दिसलं. पण कुलूप होतं. किल्ली हरवली असेल बिचाऱ्यांची, गडबडीत."

मी हो की नाही काही बोलले नाही. तिला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो करून तिने ठेवला.

१४ एप्रिल

वसंतरावांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, करंटच नव्हता तर ती खोली उघडी असून काय उपयोग होता? बोलून झाल्यावर स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. खाली बसले. त्यांच्या बायकोने पाणी आणून ठेवलं.

"तुम्ही लिहिलं, पण लिहायला मी सांगितलं," ते म्हणाले.

त्याने मला हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. त्याचीच नंतर जास्त लाज वाटली.

१६ एप्रिल

वसंतरावांनी काल सकाळी दुकानातून इन्व्हर्टर उचलला, स्वतःच्या खिशातून. कोटेशन नाही, सही नाही, पावती नाही. आपल्याच गाडीत घालून, वायरमन सोबत घेऊन गेले. दुपारी बसला. कुलूप निघालं. संध्याकाळी पहिली बाई आत घेतली.

फोनवर थकलेला आवाज. "आता तुमची बातमी खरी झाली, अष्टे."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना ते समाधानाचं वाटलं. मला जेवण गेलं नाही. एका सकाळचं काम होतं.

बाळ तसंच. दूध नळीने देतात.

१७ एप्रिल

हॉस्पिटलात गेले. नवजात विभागाबाहेरचा लांब व्हरांडा, आयाबायांचे घोळके, पिशव्या, फ्लास्क. महादेवीने लांबूनच हाक मारली आणि आपल्या चटईवर जागा केली. शेजारच्या बायकांना अभिमानाने सांगितलं, या आमच्या अक्का, पेपरात लिहायच्या. सविता आत बाळाजवळ होती. भिंतीला टेकून सासू बसलेली. साठीची, काळीसावळी, बोटांना तंबाखूच्या चिकाचे जुने डाग. कोणाशी बोलत नव्हती. माझ्याशीही नाही.

महादेवीच्या तोंडाचा पट्टा तिच्यावरच चालू होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हिला विचारा. रोपं सुकतील म्हणून सून अडकवून ठेवली. आता पाज तुझ्या रोपांना पाणी!" कृष्णराजनगरकडची एक बाई म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, एवढंही कळू नये? दुसरी म्हणाली, सासवा सगळ्या सारख्याच. सासू खाली बघूनच म्हणाली, "पेपरात आलं होतं. उघडलं म्हणून."

"हं! पेपरात!" महादेवी म्हणाली. "वाचता येतं का तुला? फोटो बघितलास आणि सोयीचं तेवढं धरलंस."

बायका हसल्या. सासूने पदर ओढून घेतला.

तेव्हा मी बोलले. माझं कन्नड पत्रकापुरतं, बोलताना अडखळतं, पण हे वाक्य रात्रभर जुळवलं होतं. महादेवीला म्हटलं, पेपरात आलं होतं, त्या खरं सांगतात. खोली उघडली नव्हती. मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हाही मी सांगितलं नाही.

महादेवीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घालावी तसं म्हणाली, "बिडी अक्का, सोडा. तिची बाजू नका घेऊ. तुमचं मन मऊ, म्हणून तुम्ही आपल्यावर घेता." आणि बायकांकडे वळून, "बघितलं? अशा आहेत आमच्या अक्का."

पुन्हा सांगायला हवं होतं. सोप्या शब्दांत, हळू. शब्द गोळा करत होते तेवढ्यात दाराशी नर्स आली, सविताचं नाव घेऊन म्हणाली, आजीला आत बोलावलंय. का, ते सांगितलं नाही. दोघीही एकदम उठल्या. महादेवी धावत पुढे.

सासू दाराशी थांबली, मागे वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं पटलं होतं. मग तीही आत गेली. मी चटईवर बसून राहिले.