कपाटातील दोन डबे न उघडण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
हार्लो काउंटी सार्वजनिक रायफल रेंज,
बेंटन रोड, मोंटाना.

अर्जदार : विल्बर ओस्टगार्ड, निवृत्त ग्रंथपाल, रा. टॅमरॅक स्ट्रीट.

विषय : आपल्या कार्यालयातील कपाटात असलेले, काडतुसात भरायच्या पावडरचे दोन डबे कृपया न उघडण्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावर आपण लावलेले आमचे निशाण (गोळ्यांची भोके पडलेला कागद).
२) याच विषयावर मी तीन वेळा समक्ष येऊन केलेली, परंतु दार न वाजवल्यामुळे आपल्यापर्यंत न पोचलेली विनंती.

महोदय,

१. हा अर्ज आपल्या हाती पडेपर्यंत दोन्ही डब्यांची सील शाबूत असतील अशा आशेवर लिहीत आहे. ती तुटली असल्यास पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये. अर्ज मागच्या कोऱ्या बाजूने वापरता येईल. कागद बरा आहे.

२. आपणांस ठाऊक आहेच की मी आणि श्रीमती आयडा क्रोगस्टॅड सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या जोडीच्या सामन्यात उतरतो. दोघांचीही काडतुसे मी घरी भरतो. आयडाचे यजमान लार्स होते तोवर ते भरत, ते गेल्यावर आयडाने भरायची अवजारे आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुला एवीतेवी कुणी भेटायला येत नाही. बस भरत." हे खरे असल्याने मी हो म्हणालो. या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितले आहे की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निशाणाचा मधला काळा ठिपका तिला दिसेनासा होईल. त्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "मग यंदाच जिंकायला हवं." तेव्हापासून माझी झोप कमी झाली आहे.

३. अडचण अशी की आयडाच्या रायफलीला एकच पावडर मानवत असे, आणि ती बाजारातून नाहीशी झाली. कारखान्याने ती बंद केली की कुणी सगळी उचलली, हे मला कळवलेले नाही. मला कळवण्याचे त्यांना काही कारणही नव्हते. तेव्हा पर्याय शोधणे आले. कोणती पावडर किती वेगाने जळते त्याच्या तक्त्यात दोन पावडरींची नावे शेजारी शेजारी छापलेली असतात, पण टॅमरॅक स्ट्रीटवर माझ्या शेजारी क्लॅरेन्स वाइट राहतो, त्यावरून शेजाराला किती अर्थ असतो हे मी जाणून आहे. म्हणून आमच्यात रीत आहे : नवी पावडर आधी एकच डबा घ्यावी, पुस्तकात दिलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करून हळूहळू चढत जावे, रायफलीला मानवली तरच परत दुकानात जाऊन त्याच घाण्यातले, म्हणजे डब्यावर तोच घाणा क्रमांक छापलेले, आणखी डबे आणावेत. घाणा बदलला की सगळे पहिल्यापासून. या रीतीत एकच दोष आहे. दोन्ही खेपांच्या मध्ये इतर माणसेही जिवंत असतात.

४. मे महिन्यात मी आपल्या गावातील डेल पफिस्टर यांच्या हार्डवेअरच्या दुकानातून पहिल्या पर्यायाचा एक डबा घेतला. फळीवर तेवढी एकच जात होती, म्हणून घेतला. डेलने मात्र येईल त्याला सांगितले, "ओस्टगार्डने नेलीय. तो माणूस टोस्टरसुद्धा तीन पुस्तकं वाचून घेतो." संध्याकाळपर्यंत फळी रिकामी. मी तोवर डब्याचे झाकणही उघडले नव्हते. पुढे ती पावडर आयडाच्या रायफलीत वापरून पाहिली तेव्हा गोळ्या निशाणभर अशा पांगल्या की आयडा म्हणाली, "हे मी मारलं की कुणी बिया पेरल्या?" त्यानंतर दोन आठवडे लोक रस्त्यात अडवून मला जाब विचारत होते. क्लॅरेन्स कुंपणावरून म्हणाला, "विल्बर, तुझ्या भरवशावर सहा डबे घेतले मी." मी माफी मागितली. कशाबद्दल, ते अजून नीट ठरवता आलेले नाही.

५. दुसऱ्या खेपेस मी सावध झालो. मेडो फॉल्सला जाऊन दुसऱ्या पर्यायाचा एक डबा आणला, आणि कुणाला दिसू नये म्हणून तो पाळीव सरड्याच्या पेटीत घालतात त्या अक्रोडाच्या कवचाच्या भुश्श्याच्या पिशवीत लपवला. माझ्याकडे सरडा नाही. ती पिशवी घेऊन मी रेंजवर उतरताना क्लॅरेन्सने पाहिले. "काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासायला हा वापरतोस होय? म्हणून तुझ्या एवढ्या चकाकतात," असे म्हणून तो तडक गाडीत बसला. परिणामी या काउंटीतील दुकानांत सरड्याचा भुस्सा शिल्लक नाही आणि प्राथमिक शाळेतला सरडा वर्तमानपत्रावर झोपतो. त्याच्या शिक्षिकेने मला पत्र लिहिले आहे. तिचीही मी माफी मागितली आहे.

६. आता मुख्य मुद्दा. दुसरी पावडर मानवली. मंगळवारी सकाळी रेंज रिकामी असताना आयडाने पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एकाच भोकातून गेल्या म्हणावे इतक्या जवळ पडल्या. ती बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिली, मग म्हणाली, "विल्बर, मला एकच भोक दिसतंय. डोळा गेला की गोळ्या तिथंच आहेत?" मी चालत जाऊन पाहून आलो. गोळ्या तिथेच होत्या. आम्ही दोघांनी थर्मासमधली कॉफी संपवली. चाचणीत माझा डबाही संपला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मेडो फॉल्सला जाऊन त्याच घाण्यातले दोन डबे आणायचे ठरवले.

७. ते निशाण आपण बाहेर येऊन मागून घेतलेत, पावडर कोणती, कुठली हेही विचारून घेतलेत, याचा आम्हा दोघांना आनंद झाला. दुपारी ते फलकावर लागले. खाली आपल्या अक्षरात पावडरचे नाव, दुकान, घाणा क्रमांक आणि "शाब्बास विल्बर" असे लिहिलेले होते. (मारले आयडाने. तिने हे मनावर घेतले नाही असे मला सांगितले आहे, दोनदा.) संध्याकाळी मेडो फॉल्सच्या रस्त्यावर आपल्या गावच्या गाड्यांची रांग होती. मी बुधवारी सकाळी पोचलो तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "तुमच्याच गावचे आले होते सगळे, एक डबा ठेवला नाही. सगळ्यांत आधी दुपारी एक साहेब आले, रेंजच्या जॅकेटमधले, दोन डबे घेऊन गेले. फार सभ्य माणूस." निशाण फलकावर लावण्यापूर्वी आपण दुकानात जाऊन आलात, यात गैर काही नाही. आपल्या जागी मीही तेच केले असते, असे मला वाटत नाही, पण अर्जात असे लिहिण्याची पद्धत आहे.

८. इतरांकडे का मागत नाही, असे आपण विचाराल. मागितले. सगळ्यांनी डबे त्याच संध्याकाळी उघडले होते. क्लॅरेन्सने तर चार घेतले आणि चारही उघडले, वास बघायला. "घे की माझा, चमचाभरसुद्धा काढली नाही," असे तो मनापासून म्हणाला, आणि त्याचा शब्द मी खोटा मानत नाही. पण दुसऱ्याने उघडलेला डबा आम्ही घेत नाही. मापातली उरलेली पावडर परत ओतताना एखाद्याने चुकून दुसऱ्याच डब्यात ओतली, तर ते ओतणाऱ्यालाही कळत नाही. कळते ते रायफलीला, फुटताना. लार्सने एकदा मित्राचा उघडा डबा घेतला होता. तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता, आणि आयडाच्या घरात उघडा डबा येत नाही. तो मित्रही मनापासूनच म्हणाला होता. सबब, या काउंटीत त्या घाण्याचे सीलबंद डबे आता दोनच आहेत आणि ते आपल्या कपाटात वरच्या खणात, प्रथमोपचार पेटीच्या डाव्या बाजूस आहेत. खिडकीतून दिसतात.

९. खिडकीतून पाहिल्याबद्दल दिलगीर आहे. मी गुरुवारी दोनदा आणि शुक्रवारी एकदा आलो होतो. पहिल्या वेळी आपण फोनवर होता. दुसऱ्या वेळी नव्हता, म्हणून जास्तच अवघड वाटले. तिसऱ्या वेळी आपण स्वतः बाहेर येऊन "काय हवंय, मिस्टर ओस्टगार्ड?" असे विचारलेत, तेव्हा मी स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी देऊन घरी गेलो. पावती मिळाली. काम चांगले आहे.

१०. तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे :
(अ) दोन्ही डबे उघडू नयेत. वास घेण्यासाठीसुद्धा नाही.
(आ) पैकी एक डबा मला विकत द्यावा. एका डब्यात सरावासकट आयडाची काडतुसे होतील. माझ्यासाठी मी मे महिन्यातली पहिली पावडर वापरीन. ती माझ्याकडे बरीच आहे, कारण क्लॅरेन्सच्या सहांपैकी तीन डबे शेवटी मीच घेतले, सील तपासून. दोघांचे गुण एकत्र धरले जातात, तेव्हा माझ्या गोळ्या पांगल्यास आम्ही बहुधा हरू. परंतु तिच्या पाच गोळ्या तरी जिथल्या तिथे पडतील आणि तिला त्या दिसतील. हरण्याची मला सवय आहे.
(इ) सूचनाफलकावर सोबतचा मजकूर लावावा : "श्री. ओस्टगार्ड यांना पावडरीतले फारसे कळत नाही. त्यांनी काही विकत घेतल्यास ते योगायोग समजावे. — अधीक्षक." मजकूर कमी कडक वाटल्यास आपण वाढवावा. साक्षीदारांसमोर एक वाईट निशाण मारून देण्यास मी तयार आहे. त्यासाठी मला तयारी लागणार नाही.
(ई) शाळेतल्या सरड्यासाठी भुस्सा जमा करण्याचे आवाहन त्याच फलकावर करावे.

११. आपण सहावीत असताना आमच्या ग्रंथालयातून नेलेले डोंगरी ट्राउट माशांवरचे सचित्र पुस्तक अद्याप परत आलेले नाही. त्याचा या अर्जाशी काहीही संबंध नाही. आयडाने हा परिच्छेद घालायला लावला. मी तो दोनदा खोडला. टंकलेखन तिसऱ्यांदा करण्याची ताकद राहिली नाही.

१२. या अर्जात कुठे उद्धटपणा झाला असल्यास तो माझ्या स्वभावातला नाही, वाचनातून आला असावा. आपण नकार दिलात तरी रेंजवर भेटल्यावर मी नेहमीप्रमाणे मान हलवीन व लगेच गाडीच्या मागे जाईन. राग समजू नये.

उत्तर टोकाच्या शेवटच्या बाकावर बसणारा, आपला,
विल्बर ओस्टगार्ड
दि. २० ऑगस्ट २०२२

सोबत :
१) दुसऱ्या पर्यायाचा रिकामा डबा, घाणा क्रमांक वाचता येईल असा.
२) फलकासाठी मजकूर, मोठ्या अक्षरात.
३) ट्राउटचे पुस्तक पुरात गेल्याचा दाखला. माझ्या जागी आलेल्या ग्रंथपाल बाईंनी सही केली आहे. पूर कोणता, ती जागा कोरी आहे.

(खाली पेनाने, मोठ्या तिरप्या अक्षरात)

रॉय, या माणसाने अर्ज पेटीत टाकायला माझ्याकडे दिला, कारण पेटी तुझ्या दाराला लागून आहे. मी वाचला. दहा नंबरचा (आ) खोड. मी चाळीस वर्षं याच्याबरोबर मारतेय, आणि माझ्या शेवटच्या सामन्यात शेजारच्या बाकावरून हा बिया पेरणार असेल तर मला काळा ठिपका दिसून उपयोग काय? दोन्ही डबे दे. मी दाराबाहेर उभी आहे आणि मला वाजवता येतं.
— आयडा क्रोगस्टॅड