शेडवरचा शनिवार

प्रिय ताई,

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे कागद सारखा सरकतो. साखरेचा डबा ठेवून तो दाबलाय. ओळी तिरक्या गेल्या तर सांभाळून घे. फोनवर तुला एवढंच सांगितलं की शेडवर मारामारी झाली आणि हात मोडला. तू रडायलाच लागलीस, मग पुढचं माझ्या तोंडातून निघेना. आज सगळं लिहिते. बसून वाच, आणि एकटी असताना वाच.

शेड म्हणजे काय तेच मी तुला कधी धड सांगितलं नाही. बँकेतला आमचा कॉम्प्युटर विभाग बंद झाला आणि मी घरी भिंती मोजत बसले होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं की जुन्या छापखान्यात स्टार्टअपवाली पोरं जमतात, जाऊन तर बघ. छापखान्याच्या मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, यंत्रं काढून टाकून ती जागा या पोरांना देऊन टाकली होती. दर शनिवारी सकाळी कुणीही उभं राहून आपली कल्पना सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्या चिंध्या करायच्या. पहिल्या दिवशी मी दारातूनच परत फिरत होते, कारण सगळी तुझ्या धाकट्याच्या वयाची. काकांनी हाक मारली, "अहो बाई, या की आत. पांढऱ्या केसांचा इथं मी एकटाच आहे, कंटाळा येतो." बसले ती बसलेच. कुणाचंही ॲप घ्यायचं आणि ते कुठं मोडतं ते शोधायचं, हे माझं काम झालं. घरी हे म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या चुका काढल्यास, आता जरा लोकांच्या काढ." सगळी मला मावशी म्हणू लागली. ताई, किती वर्षांनी सकाळी उठावंसं वाटत होतं.

त्यातली एक चिमणी. एवढीशी, पण तोंडाचा पट्टा चालू झाला की थांबत नाही. तिचा जोडीदार लंबू, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा. दोघांनी घाऊक बाजारातल्या हमालांसाठी ॲप केलं होतं. ट्रक आला की दुकानदारानं मोबाईलवरून सरळ हमालाला बोलवायचं. एरवी कुणाला काम मिळणार ते मुकादम ठरवतो, आणि त्याला न विचारता ओझं उचलणाऱ्याला त्याची माणसं तिथंच तुडवतात. चिमणी-लंबूनं गुपचूप वापरून पाहिलं, तर हमाल आपणहून येऊ लागले. मुकादमाला कळायला वेळ लागला नाही.

भर दुपारी, बाजार गजबजलेला असताना, त्याच्या माणसांनी लंबूला एका गाळ्यात ओढलं. त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वरून लोखंडी शटर खाली खेचलं. एकदा नव्हे, परत परत. "ते हसत होते गं मावशी," चिमणी मला सांगत होती, "आणि समोरचा दुकानदार माल तोलत होता." तीन बोटं गेली. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. त्या शनिवारी शेडवर नुसता गोंगाट. एकजण ओरडला, "आम्ही ॲप करायला आलोय, मरायला नाही!" काका म्हणाले, "ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं. चहाला मात्र येत जा." बरेच गेले. मी गेले नाही. लंबू डाव्या हाताच्या एका बोटानं टाईप करत होता, ते टाकून मला उठवेना.

मग ठरलं की लपूनछपून नको, शनिवारी सगळ्यांना बोलावून ॲप उघड दाखवायचं. त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा धाकटा आमच्याकडे आला. बरेच दिवस फिरकला नव्हता. खांदे रुंद झालेत त्याचे, आणि समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही. बाजारातल्या गोदामाचं काम कसं चाललंय विचारलं तर "चाललंय" म्हणाला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "उद्या शेडवर जाऊ नकोस, मावशी." मी विचारलं, "का रे?" तर म्हणे, "उगाच. डोकं दुखतंय म्हणून सांग." बाजारात काही कानावर आलं असेल, काळजीनं सांगतोय, असं मला वाटलं. माझा ऊर भरून आला, ताई. मी लगेच काकांना फोन केला. त्यांनी सकाळी पुढच्या दाराला आतून अडसर घातला.

ते मागच्या भिंतीवरून आले. खुर्च्यांवर हमाल बसले होते, धुतलेले शर्ट घालून, दोघातिघांनी बायकोला आणलं होतं. चिमणी पडद्यासमोर बोलत होती. मागची काच फुटली आणि तोंडाला फडकी बांधलेली दहाबारा माणसं गज घेऊन आत. पहिल्यांदा त्यांनी कॉम्प्युटर फोडले नाहीत, माणसं फोडली. एका हमालाचा जबडा माझ्यासमोर वाकडा झाला. लोक पुढच्या दाराकडे पळाले आणि आमचाच अडसर कुणाला निघेना. काका तो काढायला धावले. मी पाठमोरी होते, मला फक्त आवाज ऐकू आला, ओलं लाकूड चिरल्यासारखा. भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता. मी तो उपसला आणि एकाच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलेलं माझ्या तळव्याला कळलं. मला बरं वाटलं, ताई. परत घातला. तू वाढवलेली मुलगी अशी आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तेवढ्यात चिमणी खाली पडलेली दिसली आणि एकजण तिच्यावर गज उगारून उभा. मी सिलिंडर टाकून तिच्या अंगावर पडले. वरून आवाज आला, "मावशी, बाजूला हो!" मी मान वर केली. फडक्याच्या वर नुसते डोळे होते. त्याच्या गजाला आधीच रक्त लागलेलं होतं, त्यात पांढरे केस चिकटलेले. मी म्हटलं, "नाही होणार." त्यानं परत सांगितलं, जवळजवळ रडत, "हो ना गं!" आणि मग मारलं. मी आडवा धरलेला हात मोडला. दुसरा घाव माझ्या खांद्यावरून निसटून चिमणीच्या कपाळावर बसला. तिसऱ्याला त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला. कुणीतरी शीळ घातली आणि सगळे आले तसे भिंतीवरून गेले.

काका दवाखान्यात वारले. शुद्धीवर आलेच नाहीत. चिमणी वाचली, पण बोलताना शब्द विसरते. ती, चिमणी! तिच्या खाटेशी बसले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, शब्द मी पुरवावा म्हणून.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तोंडं बांधलेली होती. काल आम्ही उरलेले शेड झाडायला जमलो. हमालही आले होते, फरशी घासत होते. बोलता बोलता एकजण म्हणाला, त्यांच्यातला कुणीतरी "मावशी" म्हणून ओरडला होता, मी ऐकलं. दुसऱ्यानंही ऐकलं होतं. मावशी तर आपणच म्हणतो! मग त्या दिवशी कोण आलं नव्हतं, याची उजळणी सुरू झाली. न आलेला एकच, ज्याला आम्ही मुका म्हणतो, कारण तो विचारल्याशिवाय बोलत नाही. तो कोपऱ्यात काचा गोळा करत होता. त्याला धरलं. तो म्हणाला, आई आजारी होती. त्यावर लंबूनंच पहिली थोबाडीत मारली, त्या तुटक्या हातानं. मग सगळे तुटून पडले. शिकलेली, एकमेकांच्या डब्यातलं खाणारी पोरं, ताई, त्यांनी त्याला त्याच्याच काचांच्या ढिगावर लोळवलं. हमाल आडवे आले तर त्यांनाही ढकललं. ओठ फाटला, एक डोळा मिटला, आणि तो माझ्याकडे बघून "मावशी, तुम्ही सांगा ना" एवढंच म्हणत होता. कुणीतरी पडद्याचा मोडका स्टँड उचलला. अजून जरासा वेळ गप्प राहिले असते तर तिथं दुसरा मुडदा पडला असता. मी किंचाळले, "त्याला सोडा! तो आवाज माझ्या बहिणीच्या मुलाचा होता."

एवढं बोलल्यावर उरलं काय? लंबू फरशीवर बसून ढसाढसा रडला. मुक्याला दवाखान्यात पोचवून मी ठाण्यात गेले आणि नाव दिलं. काकांच्या डोक्यावरचा घाव त्याचाच, हेही सांगितलं. तू त्याला कसं वाढवलंस ते मला माहीत आहे, मलाही तूच वाढवलंस. फोनवर तू म्हणालीस, धाकटा अचानक सुट्टीवर आलाय, दिवसभर पांघरूण घेऊन पडून असतो, जेवत नाही, फोन वाजला की धावत जाऊन तोच उचलतो. म्हणून फोन केला नाही. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय, तुझ्याच हातात द्यायला सांगून. पोलीस तुमच्याकडे यायला निघतील, आजच संध्याकाळपर्यंत, कदाचित त्याआधी. पळून जा म्हणून त्याला सांगायला मुकादमाची माणसं आहेतच, आणि तो पळाला तर तोंड बंद ठेवायला त्याला मारणारेही तेच. तू त्याचा हात धरून तुमच्याकडच्या ठाण्यात त्याला घेऊन जा. ते येण्याआधी. स्वतः चालत जाऊ दे. मला शिव्या दे, दार बंद कर, पुन्हा तोंड बघू नकोस, सगळं मान्य. पण आधी उठ आणि त्याला उठव.

काही झालं तरी तुझीच,
धाकटी